एम्पायर स्टेटच्या पायथ्याशी

आमचे हे न्यूयॉर्कला किती वेळा गेले, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. पुण्यातल्या एका टूर कंपनीत हे टूर मॅनेजर. दर मे महिन्यात तीस-पस्तीस मराठी माणसांची मोट बांधायची, त्यांना अमेरिकेला न्यायचं, पुतळा दाखवायचा, धबधबा दाखवायचा आणि सगळ्यांना धडधाकट परत आणायचं, हा यांचा उद्योग. मी कर्वेनगरात ब्लाउज शिवायचे. मे महिना म्हणजे लगीनसराई, मला मान वर करायला फुरसत नसायची. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मी सोबत गेले नाही, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलीची दहावी-बारावी. असं करत करत यांचं न्यूयॉर्क तोंडपाठ झालं आणि माझं तुळशीबागेच्या पुढे काही सरकलं नाही.

त्यात बायका मापं द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, "वसुधाताई, तुमची चंगळ आहे बाई! मिस्टर टूर मॅनेजर, म्हणजे जग फुकटात." मी तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या म्हणून बऱ्याच जणी वाचल्या.

शेवटी यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. दोन हजार वीसच्या मे महिन्यातली टूर यांची शेवटची, आणि ठरलं की त्या टूरला मी जाणार. टूर मॅनेजरची बायको म्हणून मागच्या सीटवर नाही, तर रीतसर प्रवासी म्हणून, खिडकीशी. अमेरिकेचा व्हिसा झाला, दहा वर्षांचा. फेब्रुवारीत आम्ही दोघं आधी नेदरलँड्सला वैदेहीकडे आलो. आमची लेक आणि जावई यशोधन दोघंही आइंडहोवनला संगणकाच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत, राहतात शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात. तीन महिने लेकीकडे राहायचं आणि मे महिन्यात ॲमस्टरडॅमहून थेट अमेरिका गाठून पुण्याहून येणाऱ्या ग्रुपला सामील व्हायचं, असा बेत. आणि मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं.

मी रडले, चिडले, दोन दिवसांत सावरले. हे मात्र सावरेनात. कंपनीने सगळ्या टूर मॅनेजरना घरी बसवलं होतं, आणि यांना तर तसंही वर्षअखेरीस निवृत्त व्हायचं होतं. म्हणजे शेवटची टूर न करताच नोकरी संपली. ज्या माणसाला बोलताना थांबवण्यासाठी मी आयुष्यभर डोळे वटारले, तो दिवस-दिवस सोफ्यावर गप्प बसून समोरच्या घराच्या खिडकीकडे बघत राहायचा. त्या खिडकीत कुणी तरी येता-जाता मुलांना दिसावं म्हणून टेडी अस्वल ठेवलं होतं. इथल्या गल्लीगल्लीत त्या दिवसांत तशी अस्वलं होती. मला तर वाटायला लागलं की हे आणि ते अस्वल एकमेकांना ओळखायला लागलेत. मे उजाडला तशी आणखी एक सवय लागली. नाश्त्याला बसले की म्हणायचे, "आज आपण वॉशिंग्टनला असतो." दुसऱ्या दिवशी, "आज नायगारा." एवढंच बोलून पोळीचा तुकडा तसाच ताटलीत ठेवून उठायचे. वैदेही मला एकदा हळूच म्हणाली, "आई, बाबा असेच राहिले तर गं?"

मग एका दुपारी मिरजेहून लीलावतीबाईंचा फोन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनीही त्याच टूरला नाव घातलं होतं. यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मोरेश्वरराव, टूरसाठी मी नवे स्पोर्ट शूज घेतले होते हो," त्या म्हणाल्या. "पायात घालून घरात बसलेय. आता मला निदान सांगा तरी, काय काय दाखवणार होतात."

हे सांगायला लागले. पाऊण तास सांगत होते. फोन ठेवला तेव्हा यांचे कान लाल झाले होते आणि त्यांनी आपणहून चहा मागितला.

दोन दिवसांत ठरलं. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. त्याला जोडून शनिवार-रविवार, म्हणजे तीन दिवसांची सुट्टी. यांची टूर दरवर्षी नेमकी त्या सुट्टीत न्यूयॉर्कला असायची. तर त्याच तीन दिवसांत ग्रुपला व्हिडिओ कॉलवरून न्यूयॉर्क दाखवायचं. रस्त्यांचे फोटो नकाशावर असतातच, टाइम्स स्क्वेअरवर चोवीस तास चालणारा कॅमेराही आहे. पडद्यावर काय कधी दिसेल ते वैदेही सांभाळणार. नव्या ग्रुपबरोबर जुन्या टूरची मंडळीही हौसेने आली.

"तुझी सीट आहेच," हे मला म्हणाले. "खिडकीशी."

मी ताडकन म्हणाले, "मी तीस वर्षं वाट पाहिली ती जावयाच्या लॅपटॉपवर न्यूयॉर्क बघायला नाही. दुधाची तहान ताकावर भागवायची तर तुम्ही भागवा."

यांचा चेहरा पडला.

शनिवारी चार वाजता यांनी कंपनीचा निळा ब्लेझर घातला, टाय लावला, बूट चढवले आणि डायनिंग टेबलाशी जाऊन बसले. मी रुसून स्वयंपाकघरात गेले. पण इथली स्वयंपाकघरं उघडी, रुसून बसायलासुद्धा आडोसा नाही. शेजारच्या शेतावरून वैदेहीने पांढऱ्या शतावरीच्या कोंबांची, म्हणजे ॲस्परॅगसची जुडी आणली होती. मे महिन्यात या भागात घरोघरी तीच. तिची सालं जाड निघतात, तासत बसावं लागतं. मी पाठ करून तासत बसले. कान मात्र मागे होते, ते काही मला बंद करता आले नाहीत.

"सुप्रभात मंडळी!" यांचा आवाज घुमला. मार्चनंतर पहिल्यांदाच तो आवाज ऐकला मी. "तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेत ते विसरा. आपल्या न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेत, छान ऊन पडलंय. निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. पुढे दोन तास कुठेही सोय नाही."

आणि काय सांगू, पुण्या-मिरजेत, नाशकात, स्वतःच्या घरात बसलेली ती माणसं खरोखर उठून गेली! मी मान वळवून पाहिलं तर पडद्यावर सगळ्या रिकाम्या खुर्च्या. वैदेही टेबलाखाली तोंड लपवून हसत होती. हे मात्र गंभीरपणे वाट बघत होते. सगळे परत आल्यावर यांनी डोकी मोजली आणि म्हणाले, "चला, बस सोडू या."

त्या दिवशी यांनी बोटीतून नेलं. स्टॅटन आयलंडची भली मोठी केशरी बोट, तिकीट नाही, रोज कामावर जाणाऱ्या माणसांची. "पुतळा बघायला पैसे मोजून वेगळी बोट लागते असं सगळ्यांना वाटतं," हे म्हणाले, "पण ही बोट त्याच्या समोरून जाते. उजव्या हाताच्या कठड्याशी उभे राहा. टोपी धरा, वारा आहे." मग या सुट्टीत नौदलाची जहाजं कशी नदीतून वर येतात, पांढऱ्या धुतलेल्या कपड्यांतले खलाशी गावभर कसे हिंडतात, आणि ती विशी-बाविशीतली पोरं आपल्या आजींना हात देऊन जिना कसा चढवतात, ते सांगितलं. एका वर्षी आपल्या एका आजीने एका खलाशाला बसमधून आणलेला बेसनाचा लाडू दिला, तर त्याने तो खिशात न ठेवता तिथेच खाल्ला आणि तिला सलाम ठोकला. सुट्टी लागली की न्यूयॉर्कची माणसं बागेत शेगड्या मांडून मक्याची कणसं भाजतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही विचारतात, खाणार का. "मंडळी, शहर मोठं कशामुळे होतं? उंच इमारतींमुळे नाही. अनोळखी माणसाला रस्ता विचारल्यावर तो थांबतो का, त्याच्यावर ठरतं. आणि न्यूयॉर्कचा माणूस चालता चालता का होईना, सांगतोच."

मग वैदेहीने टाइम्स स्क्वेअरचा कॅमेरा लावला. एरवी जिथे मुंगीला वाट मिळत नाही म्हणतात, तिथे एक माणूस सायकलवरून चालला होता, बस्स. दिवे मात्र सगळे चालू. हे म्हणाले, "इथे फार माणसं गेली या दोन महिन्यांत. तरी रोज संध्याकाळी सात वाजता इथली लोकं खिडक्यांत येऊन डॉक्टर-नर्ससाठी भांडी वाजवतात. म्हणजे शहर आत आहे, मंडळी. फक्त बाहेर आलेलं नाही." मी हातातलं सोलणं ठेवून ऐकत उभी होते, हे वैदेहीने पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी पुन्हा पाठ फिरवली.

रविवारी एम्पायर स्टेट बिल्डिंग होती, आणि मी पुन्हा ओट्याशी. ते तर मला पाठच होतं. दर वर्षी टूरहून आल्यावर हे त्या शहाऐंशीव्या मजल्याचं वर्णन करायचे आणि मी चिडून जास्त जोरात मशीन चालवायचे.

"वर गेलात की आधी डोळे मिटा," हे सांगत होते. "वारा कानाला लागेल. मग उघडा. खाली पिवळ्या टॅक्सी, कुणी तरी हळकुंडं सांडावीत तशा. दोन्ही बाजूंना नद्या, मध्ये शहर, जणू ताटात वाढून ठेवलंय. बाग दिसेल, हिरवीगार, चौकोनी, सतरंजी अंथरल्यासारखी. आणि आवाज? आवाज वर येतच नाही. एवढं मोठं शहर आणि नुसती गुणगुण."

लीलावतीबाई म्हणाल्या, "अगदी समोर दिसतंय हो. तुम्ही किती वेळा गेला असाल वर!"

तेवढ्यात चंद्रहास जोगळेकर नावाचे एक गृहस्थ बोलले. अकरा वर्षांपूर्वीच्या टूरमधले, नाशिकचे. "पण मोरेश्वरराव, आमच्या वेळी तुम्ही वर नव्हता आलात. माझ्या आईचे पाय सुजले होते, तुम्ही तिच्याबरोबर खाली थांबलात. तिला कॉफी आणून दिलीत. आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची."

"आमच्या वेळीही हे खालीच होते की," दुसऱ्या एक बाई म्हणाल्या. "माझं बाळ झोपलं होतं, ते बाळाला घेऊन खाली बसले. म्हणून तर मला वर जाता आलं."

"आमच्या सगळ्यांच्या पिशव्याही त्यांच्याकडेच होत्या," आणखी कुणी तरी म्हणालं.

मग एकेक जण बोलत गेला. कुणाची शुगर कमी झाली होती, कुणाला लिफ्टची धास्ती होती, कुणाचे वडील रांगेत उभे राहू शकत नव्हते. दर वर्षी कुणी ना कुणी खाली, आणि त्यांच्याशेजारी हे.

हे संकोचून हसले. "कुणी तरी खाली थांबावं लागतंच, मंडळी. परक्या गावात म्हातारं माणूस एकटं फुटपाथवर सोडून कसं जायचं?"

"मग आत्ता वरचं जे सांगितलंत ते?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"ते तुमचंच आहे सगळं. खाली आलात की तुम्ही मला सांगायचात. हळकुंडं एका सांगलीच्या आजींची, सतरंजी एका शाळामास्तरांची. गुणगुण कुणाची ते आठवत नाही. पण माणूस वरून आला की त्याचा चेहरा काही वेगळाच असतो हो. तो मी दर वर्षी पाहिलाय."

माझ्या हातातली सुरी मी ओट्यावर ठेवली. मला इतका राग आला होता की कुणावर ते कळेना. तीस वर्षं मी जळत होते, की हा माणूस मला सोडून जगाच्या माथ्यावर उभा राहतो. आणि हा माणूस फुटपाथवर दुसऱ्यांच्या पिशव्या धरून उभा होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि त्या रागाच्या आत काही तरी इतकं भरून आलं, की मी नळ सोडून उगाच स्वच्छ भांडी धुतली.

संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या काठाने फिरायला गेलो. माणसं एकमेकांना जागा देत, हात उंचावत जात होती. मी विचारलं, "एकदाही गेला नाहीत वर?"

"नाही गं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायचीस, मजा आली का. मजा तर आलेलीच असायची." थोडं चालून म्हणाले, "आणि खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग कशाला करता ही हमाली."

तसं मी म्हणालेच असते, अगदी याच शब्दांत. परत येईपर्यंत यांचा हात धरून चालले. समोरून येणाऱ्या डच आजोबांनी आमच्याकडे बघून टोपी उचलली.

सोमवारी मी गर्भरेशमी साडी नेसले आणि चार वाजायच्या आत जाऊन डायनिंग टेबलाशी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. हे ब्लेझरची बटणं लावत आले, मला पाहिलं आणि बटण चुकीच्या काजात घातलं.

"सीट आहे ना रिकामी?" मी विचारलं.

"तुमचीच आहे, मॅडम," हे म्हणाले.

त्या दिवशी यांनी दाखवलेलं न्यूयॉर्क मी विसरणार नाही. घराघरांवरचे झेंडे, नदीकाठच्या जुन्या युद्धनौकेसमोर पाण्यात सोडतात ते फुलांचं चक्र, समुद्रकिनाऱ्यावरचं लाकडी पाळण्यांचं जुनं जत्रेचं गाव, जे या सुट्टीत उन्हाळ्याचं दार उघडतं. "दरवर्षी इथे आपण एक मिनिट उभे राहतो," हे म्हणाले. "ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून आलो, त्यांच्या गेलेल्या माणसांना मान द्यायचा. या वर्षी आपल्याकडची आणि यांच्याकडची, दोन्ही धरा." सगळ्यांनी आपापल्या घरात उभं राहून मान खाली घातली. मीही. वैदेहीही उभी राहिली. इतक्या दूर बसून या माणसाने इतक्या घरांना एका जागी आणून उभं केलं होतं, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

टूरच्या शेवटच्या दिवशी एक रिवाज असतो. प्रवासी टूर मॅनेजरला शाल देतात, श्रीफळ देतात आणि कुणी तरी मनोगत व्यक्त करतं. आता शाल घालणार कोण? चंद्रहासराव म्हणाले, "वहिनी तिथेच आहेत ना? आमच्या सगळ्यांतर्फे त्यांनीच घालावी. आणि मनोगतही त्यांचंच होऊ दे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पळून जायला जागा नव्हती.

घरात शाल कुठली? वैदेहीचा लोकरी मफलर होता तो यांच्या खांद्यावर घातला. नारळ नव्हता, तर टोपलीतलं एक मोठं संत्रं हातात दिलं. मग मी लॅपटॉपसमोर उभी राहिले. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला भाषण कुठलं येतं?

"मी वसुधा," मी म्हणाले. "यांची बायको आणि या टूरमधली नवी प्रवासी. यांनी आपल्याला सगळं छान दाखवलं. तुम्ही सगळे वर जाऊन आलात, तेव्हा हे खाली होते, ते मला काल कळलं." "माझ्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आहे. हे सगळं संपलं की मी यांना न्यूयॉर्कला नेणार आहे. यांना वर पाठवणार. आणि खाली पिशव्या धरून मी उभी राहणार. तीस वर्षांनी तरी एकदा यांचा चेहरा वरून आल्यावर कसा होतो, तो मला बघायचाय."

हे माझ्याकडे बघत होते. मग अगदी हळू, जणू पडद्यावर कुणी नाहीच अशा आवाजात म्हणाले, "तुला खाली ठेवून मी एकटा वर जाऊन काय करू, वसुधा? दोघंही जाऊ."

"आणि पिशव्या?" मी म्हणाले. "कुणी तरी खाली थांबावं लागतंच, असं कालच म्हणालात ना?"

तेव्हा मिरजेहून लीलावतीबाईंचा आवाज आला. त्या कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आल्या होत्या की नुसता चष्माच दिसत होता.

"मी आहे की," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे तसेही मला वर जाऊ देणार नाहीत. मी खाली बसते सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. तुम्ही दोघं सावकाश या. आणि आल्यावर मला सांगा, काय दिसलं ते."

यांनी संत्रं टेबलावर ठेवलं आणि मफलरच्या टोकाने डोळे पुसले. मग म्हणाले, "हो बाई. सांगतो."